सिंदुरासुराचं तोंड

नारपोली, भिवंडी
१८ मे २००७

देव्या,

फोन केला तर माझा आवाज ऐकून तू कट केलास. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा मी मनोजला बोलायला लावलं, तर माझ्या पोराशी तू चार मिनिटं गप्पा मारल्यास, आणि मी मागून खोकलो तसा पुन्हा कट. म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. तुला कागद वाया गेलेला चालत नाही. माझ्या कारखान्यात वीस वर्षं तू वर्तमानपत्राचे फाटके तुकडेसुद्धा घडी घालून ठेवत होतास.

तुला वाचता येत नाही, मला ठाऊक आहे. तुझी ललिता आता बालवाडीत शिकवते असं ऐकलं. ती वाचून दाखवेल. ललिता, नीट वाच, जिथे स्वल्पविराम आहे तिथेच थांब. मी पाचवीत शाळा सोडली, मूर्तिकाम कुणाकडे शिकायला गेलो नाही, सगळं बघून आणि वाचून केलं, पण लिहिण्यात कुणा मास्तरला हार जाणार नाही.

आता कामाचं. वडप्याच्या मंडळाला यंदा पूर्ण शाडूचा गणपती हवाय, पाच फुटी. लडकूशेठ अध्यक्ष झालाय. म्हणतो, "प्लास्टर नको महादूशेठ, विसर्जनानंतर खाडीत हातपाय तरंगत राहतात, बघवत न्हाय." बरोबर आहे त्याचं. पण आतापर्यंत दोन केले, दोन्ही मानेला तडकले. पहिला नवव्या दिवशी, दुसरा अकराव्या. तडा डाव्या कानामागून निघतो आणि सोंडेच्या मुळापर्यंत साडेचार इंच जातो. दोष मळणीत आहे. आता जे दोघे ठेवलेत ते चपातीची कणीक तिंबावी तशी माती तिंबतात. तुझ्यासारखी माती भिवंडीत कुणी मळत नाही. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, आता लिहून देतो.

अकरा वर्षं झाली तुला जाऊन. का गेलास ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. फावडं धुतलंस, पोती पिळून वाळत घातलीस, आणि जाताना एवढंच म्हणालास, "महादू, माझा तोंड तू बघितलास तेवढा पुरे. तुझा मी आता बघणार न्हाय." पोती पिळून जाणारा माणूस रागावलेला नसतो, अशी मी माझी समजूत करून घेतली.

सोमवारपासून ये. सकाळी आठला.

महादू भोईर, मूर्तिकार


नारपोली
६ जून २००७

देव्या,

उत्तर मिळालं. ललिता, अक्षर सुबक आहे, ओळी मात्र उजवीकडे वर चढतात. खाली आखलेला कागद ठेवत जा.

तू कळवलंस की सात वर्षं झाली, तू येशूच्या प्रार्थनेला जातोस, आणि मूर्तीच्या कामाला आता हात लावत नाहीस. ठीक आहे. ज्याची त्याची श्रद्धा, मी काही बोलणार नाही. पण त्यापुढचं मला तीनदा वाचावं लागलं. की देवाने माणूस आपल्या प्रतिमेचा केला, सगळा माणूस, शेठ असो की गोडाऊनचा हमाल असो, पाड्यावरचा असो की शहरातला. आणि मग: "माझ्या तोंडावर त्याची खूण हाय. ते तोंड तू कुणाला दिलंस ते तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक नाही.

शहाण्णव सालच्या सिंदुरासुराबद्दल म्हणत असशील, वडप्याच्या देखाव्यात गणपतीच्या पायाखाली जो राक्षस होता त्याच्याबद्दल, तर तो मी रीतीप्रमाणे केला होता. नाक बसकं, कारण राक्षसाचं नाक बसकंच करतात. खालचा ओठ जाड. डाव्या भुवईत पाऊण इंचाची खोक, कारण त्याशिवाय कपाळ सपाट दिसतं. उजव्या कानाच्या पाळीखाली तीळ. तो का केला ते आठवत नाही. असे चेहरे जगात पुष्कळ असतात.

आणि त्या राक्षसाचा साचा आता नाही. उंदरांनी खाल्ला.

राहिला तुझा मुद्दा. मी वाचणारा माणूस आहे. जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून तुमचं काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र मी परवाच आणलंय, मराठीतलं, बारीक टायपातलं. वाचून तुझा मुद्दा खोडून काढतो. तोवर तू माती मळायला ये. मूर्तीला हात लावू नकोस, नुसत्या मातीला लाव. मातीला कुठलाही धर्म नाही.

आमची गुणाबाई विचारते, तुझ्या चंद्राचे गुडघे कसे आहेत.

महादू


नारपोली
२४ जून २००७

देव्या,

तुझं पत्र दोन ओळींचं आणि ललिताचं खाली एक ओळीचं. तिची ओळ आधी घेतो. "काका, उंदीर प्लास्टर खात नाहीत." बाळ, साच्याच्या प्लास्टरात काथ्या घालतात. काथ्या उंदीर खातात. अर्धं माहीत असताना मोठ्या माणसाला टोकू नये.

आता शास्त्राचं. देव्या, मी पहिलं पान वाचलं. उजेड, पाणी, झाडं, मासे, सगळं त्याने नुसतं बोलून केलं. हो म्हणाला आणि झालं. मला वाटलं, हा काही कारागीर नाही, हा लडकूशेठसारखा अध्यक्ष दिसतो. पण पान उलटलं तर माणसाच्या वेळी गडी खाली बसलाय. माती घेतलीय. आकार दिलाय. आणि शेवटी नाकपुडीत श्वास फुंकलाय. म्हणजे माती, घडण आणि प्राणप्रतिष्ठा. अरे, हा तर आपला धंदा. हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मी गुणाबाईला चुलीपासून उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग त्याची माती तडकली न्हाय का?" मी म्हटलं, पुढे वाचतो. पुढे तडकते. तिसऱ्याच पानावर.

एक तक्रार आहे. माती कुठली, पाणी किती, वाळायला किती दिवस, काहीच दिलेलं नाही. ज्याने लिहिलं तो हाताने काम करणारा नव्हता.

मग मी प्रतिमा म्हणजे नेमकं काय ते शोधायला बसलो. तुमचे पास्टर म्हणतात देवाला शरीर नाही. मग प्रतिमा कशाची? घरातल्या सगळ्यांची तोंडं मी पट्टीने मोजली. गुणाबाईचं नाक कपाळाच्या बरोबर एवढं, मनोजचं दोन सूत लांब, माझं त्याहून लांब. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एका साच्यातले ठसे असे वेगवेगळे निघाले तर मी साचा फेकून देईन. मनोज म्हणाला, "पप्पा, प्रतिमा नाकात नसेल." मग बुद्धीत म्हणावं, तर आमच्या गल्लीतला तो जन्मापासून न बोलणारा तुळजाचा मुलगा? तो त्यातून वगळला का? शास्त्रात तर कुणालाच वगळलेलं दिसत नाही.

चार दिवस डोकं चाललं नाही. पाचव्या दिवशी गणपतीच्या सोंडेला हात फिरवताना सुचलं. मूर्ती देवासारखी दिसते म्हणून का आपण तिला मूर्ती म्हणतो? गणपतीला समोर बसवून कुणी त्याचं माप घेतलंय? मूर्ती म्हणजे जिच्याशी वागणं हे देवाशीच वागणं मोजलं जातं, ती. तिला पाय लागला तर आपण तिला नाही, देवाला नमस्कार करतो. मग माणूस ही जर त्याची मूर्ती असेल, तर एखाद्या माणसाला कुणी

इथे माझ्या पेनातली शाई संपली. हे दुसरं पेन आहे. मुद्दा काय होता ते विसरलो.

तिसरा गणपती उभा केलाय. अजून तडा नाही.

महादू


नारपोली
१५ जुलै २००७

देवू,

"देव मूर्तिकार होता असा म्हणतस, पण त्याच्या आधी तो माती मळणारा होता. पयली ड्युटी माझी, मंग तुझी." हे मी मोठ्याने वाचलं आणि गुणाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली. दोन दिवस झाले, मी चहा मागितला की म्हणते, "पयली ड्युटी कुणाची?"

तुझी दुसरी ओळ जास्त जड होती. की तुम्ही मूर्ती का करत नाही, तर देवाने स्वतःची आधीच करून ठेवलीय, घराघरांत ठेवलीय, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही म्हणून. मी खोडायला बसलो होतो, पेन खाली ठेवलं. माझं काम मी सोडणार नाही, माझा गणपती मला प्रिय आहे. पण वाक्य चोख आहे.

मी विचारणार होतो, खंडित मूर्ती आपण पुजत नाही, मग दारुडा, खुनी, लबाड, ह्या खंडितांचं काय? पण त्याचंही उत्तर तू न विचारता दिलंस. खंडित झाली तरी कुणाची होती ते ओळखू येतं. आणि तुटलेला हात पुन्हा करायचा तर मूळ नमुना समोर लागतो, तो नमुना म्हणजे येशू, घडवणारा स्वतःच घडवलेल्यांत येऊन बसला. हे तू मजुराच्या भाषेत सांगितलंस म्हणून मला कळलं. मी त्या ग्रंथात शंभर पानं पुढे जाऊनही मला ते कळलं नव्हतं.

लबाड म्हटलं, तर आता ते लिहून टाकतो.

साचा उंदरांनी खाल्लेला नाही. साचा माळ्याखाली तिसऱ्या खुंटीवर टांगलेला आहे. शहाण्णवला एकदा करून मी थांबलो नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाला राक्षस लागतो. दर वर्षी तेच तोंड. कधी सिंदुरासुर, कधी गजासुर, एकदा कंस. अकरा वर्षांत सतरा. मी मोजलेत. भिवंडीत, कल्याणला, पडघ्याला. लोक म्हणतात, महादूशेठचा राक्षस जिवंत वाटतो. वाटणारच. जिवंत माणसाचा आहे.

तो तीळ का केला ते मला आठवतं. तुला होता म्हणून केला. ती खोक तुला माझ्याच कारखान्यात पडली, माझी फळी पडून. मीच तुला टाके घालायला नेलं होतं, तीन टाके. तुला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. समोर बसून माती मळतोयस, तोंड समोर आहे, घेतलं. तुझा चहाचा कप खिडकीत वेगळा उलटा ठेवलेला असायचा, तो कुणी ठेवला तेही मी कधी विचारलं नव्हतं. तसंच हे.

आणखी एक. उद्घाटनाच्या संध्याकाळी मी पडद्यामागे होतो. तू रांगेत होतास, नवा शर्ट घालून, हाताला ललिता, आठ वर्षांची. राक्षसासमोर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, ह्यो तुमीच ना?" रांग हसली.

देवू, पडद्यामागे मीही हसलो. खूष होऊन हसलो. लहान पोरीने ओळखलं म्हणजे काम तंतोतंत उतरलं, म्हणून.

ललिता, हे तूच वाचते आहेस. वाच. मध्ये थांबू नकोस.

महादू


नारपोली
५ ऑगस्ट २००७

देवूभाऊ,

तीन आठवडे तुमच्याकडून काही आलं नाही. मी पोस्टमनला दोनदा हटकलं. तो म्हणाला, "भोईरशेठ, लिहिणारा लिहील तेव्हा मी आणीन ना?" म्हणून तुमची वाट न बघता पुढचं कळवतो.

साचा बघायला विचित्र वस्तू असते. तोंड आत खोल गेलेलं असतं, पण लांबून बघाल तर बाहेर आलेलं दिसतं, आणि आपण चालू तसं वळून वळून आपल्याकडेच बघतं. अकरा वर्षं तो तिसऱ्या खुंटीवरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्यावर एक पोतं टाकून ठेवलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

फोडायला घेतला. हातोडी उचलली. मग वाटलं, अकरा वर्षांचा साचा, एक शेवटचा ठसा घ्यावा, नोंद म्हणून. प्लास्टर नको, शाडूच दाबली. सुकू दिली, उलटी करून काढली. आणि हातोडी तशीच बाजूला राहिली.

तुम्हाला ठाऊक आहे, शिंगं, सुळे, कपाळाच्या आठ्या हे साच्यात नसतं. साच्यात अडकतं ते. तोंड काढून झालं की वरून लावतात. सतरा वेळा मी ठसा काढला तो घाईत, आणि लगेच शिंगं चढवली, आठ्या चढवल्या, लाल रंग मारला. नुसतं तोंड असं हातात धरून कधी बघितलंच नव्हतं. बघितलं. तो माणूस हसतोय. मोठं नाही. डावीकडचं ओठाचं टोक सुताएवढं वर आहे. तुम्ही माती मळताना मनाशी काही गुणगुणायचात, तेव्हाचं ते तोंड. मी त्यावर सतरा वेळा राक्षस चढवला आणि खाली हा माणूस सतरा वेळा हसतच होता.

गुणाबाईला दाखवलं. तिने तो दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाली, "देवूदादा हाय. भाकरी आणू का त्याला, असा वाटतंय."

ठसा मनोजबरोबर पाठवतोय. कापडात गुंडाळलाय, ओल लागू देऊ नका. ही मूर्ती नाही, तुमच्या पास्टरांना तसं सांगा. साचा मग फोडला, त्याचे तुकडे वेगळ्या पिशवीत आहेत. एकूण चौदा. काही मागे ठेवलेलं नाही, जोडून बघा हवं तर.

वडप्याला यंदाही राक्षस हवाच आहे. मी आरसा टेबलावर ठेवला आणि स्वतःचं तोंड घेतलं. न्याय झाला पाहिजे. सुळे लावून झाल्यावर गुणाबाई बघायला आली. म्हणाली, "आता कुठं राक्षस बराबर जमला."

आपला,
महादू


नारपोली
२८ ऑगस्ट २००७

देवूभाऊ,

पत्र मिळालं. ललिताचे आभार, तिने तुमचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय: "महादू, तुझा तोंडपण त्याचाच हाय. तो तरी तू राक्षसाला कसा देतंस? कुणाचाच द्यायचा न्हाय."

मी सहा दिवस राक्षसाला ओलं फडकं घालून ठेवलं. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, बरी खोड मोडली. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर. हिशेब चुकता झाला असता आणि मी मोकळा झालो असतो. तुम्ही मलाच मूर्तीत धरलंत, आता मी काय करणार?

मंडळ ऐकेना. सिंदुरासुर नाही तर गणपतीने पाय कुणावर ठेवायचा? मग मी राक्षस पाठमोरा केला. गुडघ्यावर आलेला, तोंड गणपतीकडे, लोकांकडे पाठ. खांद्याची हाडं, मानेवरचा घाम, कंबरेचा शेला, सगळं आहे. लडकूशेठ येऊन तीन फेऱ्या मारून गेला.

"महादूशेठ, ह्यो रुसलाय का?"

"रुसला नाही."

"मंग तोंड कुठं हाय?"

"तोंड द्यायला माणूस मिळाला नाही."

"अहो, माझा घ्या. फुकट देतो."

मी म्हटलं, लडकूशेठ, तुमचंही मोकळं नाही. त्याला काही कळलं नाही, पण तो खूष झाला.

पाठ कुणाची असं विचाराल, तर माझी. मनोजने मागे आरसा धरला, मी पुढच्या आरशात बघितलं. तोंडाबद्दल तुमच्या शास्त्रात आहे, पाठीबद्दल काही नाही. मी तपासून घेतलंय.

आता गणपतीचं. तिसराही तडकला. जुलैच्या शेवटी तडकला होता, मी लिहिलं नाही. तेव्हा दोघा मळणाऱ्यांना बाजूला बसवलं, धोतर वर खोचलं आणि स्वतः मातीत उतरलो. तीस वर्षं मातीचं काम करतोय, पण माती मळली नव्हती. ती तुम्ही मळायचात, मी वरून सांगायचो. पहिल्या दिवशी पोटऱ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी कंबर गेली. गुणाबाईने ऊन तेल लावता लावता पुन्हा तेच विचारलं, पयली ड्युटी कुणाची. तिसऱ्या दिवशी काहीतरी झालं. माती पायाला ओढत असते, आडवी येत असते, आणि एकाएकी ती आपल्या बाजूने होते. पायाखाली गार आणि मऊ. तेव्हा मनोज म्हणाला, "पप्पा, गुणगुणताय."

हात तोंडाला लावून बघितला. डावीकडचं ओठाचं टोक वर होतं.

म्हणून तुम्ही हसायचात तर. वीस वर्षं मी ते समोर बसून बघितलं आणि मला त्यात बसकं नाकच तेवढं दिसलं. आता एवढं मानायला मी तयार आहे, की त्याने पहिल्यांदा माती मळली तेव्हा त्याला तोंड असो वा नसो, जे काही होतं ते असंच झालं असणार, आणि तेच आपल्यात उतरलंय. प्रतिमा नेमकी कशात असते ह्यावर माझं हे शेवटचं मत. चूक असेल तर कळवा.

चौथा गणपती सतराव्या दिवशीही अखंड आहे.

आपला,
महादू


नारपोली
२७ सप्टेंबर २००७

देवूभाऊ,

आधी ललिताच्या मुद्द्याचं. "काका, पाठीबद्दलही आहे. दुसरा भाग, तेहतिसावा अध्याय. एकाला देवाने तोंड दाखवलं नाही, पाठ दाखवली." उघडून बघितलं. आहे. हरलो. मुद्द्यात मी मास्तरांना कधी हार गेलो नव्हतो, बालवाडीच्या बाईंना गेलो. पण राक्षस तेव्हा मंडपात जाऊन बसला होता, आता पाठ पुसणार कशी? परवा खाडीत गेला, जशी होती तशी.

तिने आणखी लिहिलंय की तुमचा ठसा चंद्रावहिनींनी फळीवर रेडिओशेजारी ठेवलाय, तुम्ही तो भिंतीकडे तोंड करून फिरवता, आणि वहिनी परत सरळ करतात. दिवसातून तीन-चार वेळा. तुमच्या घरातल्या भांडणात मी पडणार नाही. फक्त फिरवताना खालून धरा, कानाला धरू नका. शाडू आहे.

देखाव्याची बातमी कळली असेलच. बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, राक्षसाचा भाव दिसत नाही. पण रांगेतली पोरं वाकून वाकून त्याचं तोंड शोधत होती, आणि शोधता शोधता गणपतीच्या पायाशी डोकं टेकत होती. मी पडद्यामागे नव्हतो. मी रांगेत होतो.

आता तुमचा प्रश्न. तो ललिताने अगदी शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलाय. "बाबा विचारतात, कारखान्यात एकही मूर्ती नसते असे दिवस कधी असतात?"

मी ही ओळ गुणाबाईला दाखवली. तिने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, तरी घेतला.

नेमकं सांगतो. अनंत चतुर्दशी पंचवीस तारखेला झाली. तडकून मागे राहिलेली शेवटची मूर्तीही त्या दिवशी सकाळी साडेदहाला विसर्जनाला गेली. काल झाडलं, आज फरशी धुतली. माळ्यावर, फळ्यांवर, खिडकीत, कुठे एक बोटभर मूर्तीसुद्धा नाही. मी स्वतः बघितलंय. देव्हारा आमच्या घरात आहे, कारखान्यात नाही, मधलं दार लावून घेऊ. म्हणजे रविवार तीस तारीख मोकळी आहे. प्रार्थना आटोपून निघालात तर वडप्याच्या नाक्यावर बाराला रिक्षा मिळेल. वहिनींच्या गुडघ्यांसाठी मी दारात उंच स्टूल ठेवतो, चौदा इंची पायरी आहे. गुणाबाईने कप नवे आणलेत. सहाही एकसारखे, कुठला कुणाचा ते ओळखू येणार नाही.

माती मळायला बोलावत नाही. माती नाहीच आता, पोती रिकामी आहेत. जेवायला बोलावतोय.

तुमचं शास्त्र खरं असेल तर मूर्ती नाहीत म्हणून तुम्ही आत याल, आणि तुम्ही आत आलात की कारखाना भरेल. तुम्ही, वहिनी, ललिता, गुणाबाई, मनोज आणि मी. विसर्जनाची घाई असलेलं त्यात कुणी नाही.

माझं तोंड बघणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात. ती तुमची मर्जी, पाठमोरे बसलात तरी चालेल, त्यालाही आता आधार आहे. पण मला तुमचं बघायचंय. पट्टी हातात घेणार नाही.

आपला,
महादू